धक्का लागला की मारला?

हा लेख फोनवर वाचत असाल, तर इथवर येईपर्यंत तुमच्या अंगठ्याने बरीच हाणामारी केलेली आहे. लिंकवर टॅप केलं, म्हणजे इंग्रजीत हलकीशी टपली मारली. त्याआधी दोन-चार रील स्वाइप केल्या असतील. एकोणिसाव्या शतकात बॅट आडवी घुमवून मारलेल्या बेधडक फटक्याला इंग्रज स्वाइप म्हणायचे. मित्राला काही टाईप केलं असेल, तर त्या शब्दाचं मूळ ग्रीक ‘टिपोस’मध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ठोकल्यामुळे उमटलेला ठसा असा होतो. अ‍ॅप क्रॅश होतं, म्हणजे काहीतरी आदळून फुटतं. अकाउंट हॅक होतं, म्हणजे कुऱ्हाडीने सपासप घाव घातले जातात. चेक बाऊन्स होतो त्या ‘बाऊन्स’चा मध्ययुगीन इंग्रजीतला अर्थ तर सरळ ‘दणका देणे’ असा होता.

इतकं सगळं होऊनही कुणाला काही लागत नाही. इंग्रजीतले मारण्या-आदळण्याचे शब्द आपल्याकडे ढिगाने आले, पण येताना त्यांच्यातला मार बहुतेक वेळा गळून पडला. खरा मार कुणी दिला आणि कुणी खाल्ला, हे सांगायचं काम शेजारच्या मराठी क्रियापदावर येऊन पडलं.

मी विठ्ठलवाडीत राहतो. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधलं हे स्टेशन. इथे हा विषय व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. ‘गाडीची धडक बसली’, ‘गाडीखाली आला’ की ‘गाडीतून पडला’, यांतलं कोणतं क्रियापद कागदावर उतरलं, यावर एखाद्या घराला आठ लाख रुपये मिळणार की नाही हे ठरू शकतं. मला तिथवर जायचं आहे. पण वाट जरा लांबची आहे, पावणेदोनशे वर्षांची.

गादी लावलेला दणका

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. १ मे १८५४ ला गाडी कल्याणपर्यंत आली आणि १२ मे १८५६ ला कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत. आज विठ्ठलवाडीवरून बदलापूर-कर्जतच्या लोकल जातात तो हाच मार्ग.

तोवर या भागातल्या माणसाला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा धक्का म्हणजे उधळलेला बैल, घोडा किंवा उतारावर सुटलेली बैलगाडी. शेकडो मणांचं लोखंड अशा वेगाने अंगावर येऊ शकतं, याचा अनुभव कुणालाच नव्हता. त्यासाठी शब्द इंग्रजीकडे तरी आयते कुठे होते? १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनालाच विल्यम हस्किसन हे खासदार ‘रॉकेट’ नावाच्या इंजिनाखाली सापडले आणि त्याच दिवशी गेले. बग्ग्या आणि गाड्यांच्या अपघातांना लावायची क्रियापदंच मग इंग्रजीने रेल्वेला लावली.

रेल्वेबरोबर आलेला एक शब्द मला विशेष आवडतो. दोन डब्यांच्या मध्ये, किंवा शेवटच्या स्टेशनात रूळ संपतात तिथे, स्प्रिंग लावलेल्या जाड गोल थाळ्या असतात. त्यांना बफर म्हणतात. इंग्रजीत ‘बफ’ म्हणजे मऊ वस्तूवर बसलेला बद्द आवाजाचा तडाखा. आंधळ्या कोशिंबिरीला इंग्रजीत जे नाव आहे त्यातही हाच ‘बफ’ आहे, कारण त्या खेळात डोळे बांधलेल्या गड्याला बाकीचे चापट्या मारत. तडाखा पोटात घेणारा तो बफर. गाड्या एकमेकींवर आदळणारच आहेत, तर तो दणका आधी कुठेतरी जिरवा, अशी ती सोय आहे.

हाच शब्द पुढे संगणकात गेला. वेगाने येणारी माहिती आणि सावकाश चालणारं यंत्र यांच्यामध्ये ठेवलेली जागा, ती बफर. तिथून तो आपल्या हातात आला. “व्हिडिओ बफर होतोय” असं आपण चिडून म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात दोन डब्यांमधल्या त्या लोखंडी थाळीचं नाव घेत असतो. तडाखा, तडाख्यावरचा उपाय आणि मग नुसती वाट पाहणं, असा या शब्दाचा प्रवास झाला.

गॅरेजमधला ‘डेंट’ असाच. जुन्या इंग्रजीत तो शस्त्राचा घाव होता. कालांतराने घाव मागे पडला आणि घावाची खूण तेवढी शब्दात उरली. आपल्याकडे भांड्याला पोचा येतो आणि गाडीला डेंट येतो. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या रस्त्यांवर ‘डेंटिंग-पेंटिंग’च्या पाट्या बघा. त्यातलं डेंटिंग म्हणजे डेंट काढणं. ज्या शब्दाचा अर्थ घाव घालणं होता, त्याचा आपण घाव बुजवणं असा अर्थ करून टाकला.

एका पंचाचे किती पंच

मराठीत ‘पंच’ हा आधी पाच. मग गावातले पाच शहाणे, म्हणजे निवाडा करणारे. त्यावरून क्रिकेटचा अंपायर तोही पंच, आणि अपघात किंवा गुन्ह्याच्या जागी साक्षीदारांसमोर लिहितात तो पंचनामा.

इंग्रजीतला ‘पंच’ वेगळ्या घरातला. त्याचं मूळ टोचण्या-भोसकण्याच्या लॅटिन शब्दात आहे, त्यामुळे सायकलचं पंक्चर हा त्याचा चुलतभाऊ लागतो. आधी तो भोक पाडायचं हत्यार होता, नंतर मुठीचा ठोसा झाला. ‘पंच’ नावाचं इंग्रजी पेय मात्र पाच जिनसा घालून करायचं आणि ते नाव आपल्याकडच्या पाचावरून तिकडे गेलं असं मानतात.

मग एक तिसरा पंच आला. इटलीतल्या विदूषकी नाटकांतून इंग्लंडमध्ये गेलेला बाहुला, मिस्टर पंच. हातात सोटा, आणि बायको, पोलीस, डॉक्टर, जो समोर येईल त्याला बडवायचं. लोक पोट धरून हसायचे. दोन फळ्या जोडलेला तो सोटा आवाज मोठा करतो आणि लागत मात्र फारसा नाही. त्याच्याच इंग्रजी नावावरून धडपड-आदळआपट विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. १८४१ मध्ये लंडनला या बाहुल्याच्या नावाने ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं आणि त्याचं अनुकरण हिंदुस्थानभर झालं. आपल्या ठाण्यातूनही एकोणिसाव्या शतकात ‘हिंदुपंच’ नावाचं मराठी पत्र निघत होतं. या नावात ठोसे मारणारा इंग्रजी बाहुला आणि निवाडा करणारा मराठी पंच असे दोघेही मावतात. नाव किती हुशारीने बसलंय बघा.

चौथा पंच कारखान्यातला. उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेस असतात. वरून खाली येतो तो पंच आणि खाली असते ती डाय. मध्ये पत्रा. पंच खाली आला की पत्र्याचा आकार तयार. मिनिटाला कितीतरी वेळा तो खाली येतो आणि तेवढ्या वेळा माणसाचा हात आत-बाहेर करतो.

माझ्या लहानपणी शेजारच्या चाळीत एक काका होते. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. आम्ही पोरं विचारायचो तेव्हा ते सांगायचे, “बोटं पंचमध्ये गेली.” मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज ते वाक्य पुन्हा बघतो तेव्हा दिसतं, की त्यात प्रेसने काही केलेलं नाही. सेफ्टी गार्ड कुणी काढून ठेवलं, जास्त पीस काढायची घाई कुणाला होती, याचा पत्ताही त्यात नाही. बोटं आपणहून चालत गेली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे टक्के दिलेले होते. अख्खी तर्जनी गेली तर कमावण्याची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं तो कायदा धरायचा. पण ते टक्के मिळायला बोट ‘कामावर असताना, कामामुळे’ गेलं हे कुणीतरी म्हणावं लागतं, लिहावं लागतं.

आणि पाचवा पंच अगदी साधा. काही वर्षांपूर्वीपर्यंत लोकलच्या कुपनांवर मशीनमध्ये शिक्का उठवावा लागे. “कूपन पंच केलंस का?” हा रोजचा प्रश्न होता. आज ऑफिसात ‘पंच इन’ आहे. कुठे रक्त, कुठे हसू, कुठे हजेरी. शब्द तोच.

संप आणि हिट

इंग्रजी आणि मराठी यांनी एकाच घटनेकडे किती वेगळ्या बाजूंनी पाहिलं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे संप.

इंग्रजीत त्याला स्ट्राइक म्हणतात. ‘स्ट्राइक’चा नेहमीचा अर्थ प्रहार. पण जहाजावर शिडं खाली उतरवण्यालाही हेच क्रियापद लागायचं. १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी मजुरीच्या भांडणात जहाजांची शिडं उतरवली, जहाजं जागची हलेनात, आणि तेव्हापासून काम बंद पाडण्याला तो शब्द चिकटला. शिडं उतरवायची गोष्ट पुढे लोक विसरले. आज ऐकणाऱ्याला त्यात फक्त प्रहार ऐकू येतो, मालकाच्या बाजूने ऐकलं तर जरा जास्तच.

आपण म्हणतो संप. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा. मराठी शब्द त्याच कुळातला. काम कुणी थांबवलं आणि कुणाला फटका बसला, याच्याआधी आपल्या शब्दाला दिसतं ते माणसांचं एकत्र येणं. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी एकेका वर्षासाठी एकेक असे सहा दिवस काम बंद ठेवलं. त्याला प्रहार म्हणा, पण त्याची ताकद त्या एकोप्यात होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव सुटलेली कितीतरी घरं स्वस्त जागेच्या शोधात कल्याणच्या पुढे आली. आमच्या भागात अजूनही एखादी आजी सांगते, “संपात आमचं सगळं गेलं.” इथेही पुन्हा ‘गेलं’. कुणी नेलं ते वाक्यात नाही.

आता ‘हिट’. जुन्या नॉर्स भाषेत ‘हिट्टा’ म्हणजे गाठणं, नेमकं भेटणं. मारण्याचा अर्थ त्याच्यावर नंतर चढला. म्हणून पिक्चर ‘हिट’ होतो तेव्हा तो कुणाला मारत नाही, लोकांना नेमका गाठतो. ‘ब्लॉकबस्टर’ मात्र सरळ युद्धातून आलेला. दुसऱ्या महायुद्धात इमारतींचा अख्खा ठोकळा उडवू शकणाऱ्या ब्रिटिश बॉम्बना ते नाव पडलं होतं. त्याच युद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या, युद्ध संपल्यावर त्या छावण्यांत फाळणीने उखडलेली सिंधी माणसं आली आणि त्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. आमच्याकडे रिक्षावाला अजून “कॅम्प चार, कॅम्प पाच” असंच ओरडतो.

हिट आणि स्ट्राइक एकाच बातमीत भेटले ते जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ‘हिट अँड रन’च्या या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी देशभर संप केला. पेट्रोल संपेल या भीतीने आपल्याकडेही पंपांवर रांगा लागल्या. चालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, ते उपकलम तेवढं बाजूला ठेवून.

‘हिट अँड रन’ला कायद्यात आणखी एक अर्थ आहे आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे, ज्या वाहनाने धडक दिली ते प्रयत्न करूनही सापडत नसेल तर तो अपघात हिट अँड रन. अशा वेळी मृताच्या घरच्यांना १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये मिळतात; आधी पंचवीस हजार होते. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यामागचा विचार नीट बघा. गाडी अनोळखी आहे म्हणूनच समाजाने काहीतरी द्यायचं.

मारणे, बसणे, लागणे, खाणे

आता क्रियापदांकडे येऊ.

इंग्रजी शब्द आपण घेतले ते शब्दांची टंचाई होती म्हणून नव्हे. टिचकी, टपली, चापट, थप्पड, चपराक, धपाटा, गुद्दा, बुक्की, ठोसा, रट्टा, फटका, तडाखा, टोला, दणका, धडक, ठोकर, ठेच, लाथ. प्रत्येकाचा हात वेगळा, जोर वेगळा, आवाजही वेगळा. धपाटे तर आपण दह्याशी खातो. क्रिकेटमध्ये या साठ्याचा किती उपयोग झाला, ते बाळ ज. पंडितांसारख्यांची मराठी समालोचनं ऐकलेल्या पिढीला ठाऊक आहे. चौकार, षटकार, फटका, तडाखेबंद फलंदाजी. टोला तर विटीदांडूतून आयताच आला. बॅट इंग्रजी राहिली, पण मारणं मराठीत झालं.

जिथे इंग्रजी नाम घेतलं, तिथेही त्याच्या मागे मराठी क्रियापद लावावंच लागतं. नाम काही सांगत नाही, क्रियापद सगळं सांगतं. स्कूटरला किक मारतात, दारूची किक बसते. पहिल्यात माणूस करणारा आहे, दुसऱ्यात सोसणारा. शॉक हा मूळचा दोन सैन्यांची टक्कर सांगणारा शब्द. मराठीत तो बसतो किंवा लागतो. बॉस झापतो तेव्हा शॉक ‘देतो’. ट्रॅफिकमध्ये एखादा ‘कट मारतो’. गाडीला डॅश ‘मारला’ म्हणणारा भांडायला उभा असतो आणि डॅश ‘लागला’ म्हणणारा भांडण मिटवायला.

लोकलच्या दारात हे रोज ऐकू येतं. “धक्का का मारला?” असं एक म्हणतो. “मारला नाही हो, लागला,” असं दुसरा. इतक्यावर बहुतेक वेळा मिटतंही. ‘लागणे’ या क्रियापदाने मराठीत फार भांडणं वाचवली आहेत. ठेच लागते, नजर लागते, पाऊस लागतो, धक्का लागतो. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. मार बसतो, मार खातात. फारसीतही मार खाल्लाच जातो. सोसणाऱ्याला वाक्याचा कर्ता करायची ही जुनी रीत आहे आणि गर्दीत राहणाऱ्या माणसांना ती सोयीची पडते.

पण हीच रीत अपघाताच्या बातमीत शिरली की चित्र पालटतं. ‘ट्रकने दुचाकीला उडवलं’ यात निदान ट्रक तरी आहे. ‘गाडीखाली आला’ यात येणारा कोण? मेलेला माणूस. गाडी जणू जागची हललीच नव्हती, हाच चालत तिच्याखाली गेला. काकांची बोटं पंचमध्ये गेली तसंच.

अनोळखी गाडी

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, महामारीची दोन वर्षं सोडली तर, अलीकडे दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रेल्वे पोलीस त्यांची वर्गवारी करतात. रूळ ओलांडताना, धावत्या गाडीतून पडून, खांबाला आपटून, फलाटाच्या फटीत पडून, शॉक लागून, आत्महत्या, नैसर्गिक. सर्वांत मोठा रकाना रूळ ओलांडण्याचा, त्याच्या खालोखाल गाडीतून पडण्याचा.

या दोन रकान्यांमध्ये एक भिंत आहे. रेल्वे कायद्यात १९९४ मध्ये कलम १२४-अ आलं. तिकीट असलेला प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, तर ती ‘अनुचित घटना’ आणि चूक कुणाची हे न पाहता भरपाई द्यायची. मृत्यू झाल्यास ती आधी चार लाख होती, १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख आहे. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशा, गुन्हा, नैसर्गिक मृत्यू यांना ती मिळत नाही. आणि रूळ ओलांडणारा? तो कलम १४७ खाली अतिक्रमण करणारा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, असा त्याच्याकडे कायदा बघतो. मेला तर आठ लाखांचा प्रश्नच येत नाही.

रुळांवर माणूस सापडतो तेव्हा तो पडला की ओलांडत होता, हे बघणारं सहसा कुणी नसतं. पहिला कागद असतो स्टेशन मास्तरचा मेमो. घाईत लिहिलेल्या दोन ओळी. त्यात बऱ्याचदा एक ठरलेलं इंग्रजी वाक्य असतं, की अनोळखी गाडीने डॅश दिला किंवा ‘नॉक डाऊन’ केलं. नंतर पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, रेल्वेचा स्वतःचा चौकशी अहवाल तयार होतो. पुढे रेल्वे दावा न्यायाधिकरणात हे कागद समोरासमोर येतात. नातेवाईक म्हणतात पडला. रेल्वेचा वकील मेमोवर बोट ठेवतो. इथे तर धडक लिहिलीये. पडणाऱ्याला गाडी धडकत नाही, ओलांडणाऱ्याला धडकते.

ओळखीतल्या एका घराचे असे कागद मी वाचले आहेत. स्टेशनाचं नाव सांगत नाही. घरातला कमावता मुलगा रात्रीच्या लोकलने परतत होता. खिशात पास होता. मेमोत अनोळखी गाडीची धडक, पंचनाम्यात ‘लोकलमधून पडून’. दोन्ही कागद एकाच रात्रीचे. मेमो लिहिणाऱ्याने काही पाहिलेलं नव्हतं आणि पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या पंचांनीही नाही. एकाने एक क्रियापद घेतलं, दुसऱ्याने दुसरं. त्या दोन क्रियापदांमध्ये ते घर कित्येक वर्षं उभं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत बरीच वाट मोकळी केली आहे. प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात २००८ मध्ये न्यायालयाने म्हटलं की गाडीत चढताना पडणं हेही ‘पडणं’च. रिना देवी प्रकरणात ९ मे २०१८ रोजी सांगितलं की मृतदेहापाशी तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. नातेवाइकांनी शपथपत्रावर आपली बाजू मांडली की पुढचं खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर येते. चढता-उतरताना झालेल्या इजेला ‘स्वतः करून घेतलेली इजा’ म्हणता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल वाचताना मला जाणवलं की न्यायालय तिथे एका अर्थी क्रियापदांचंच काम करत होतं. पडणे म्हणजे काय, करून घेणे म्हणजे काय.

९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चार जण गेले. एकमेकांना घासून पडले, बॅगा घासल्या, असं सांगण्यात आलं. त्या सकाळच्या गर्दीत जे लोंबकळत होते त्यांना दुसरी जागा होती का, हे ‘घासले’ या क्रियापदात मावत नाही. धक्का कुणीच मारला नव्हता, हे खरंच आहे. लागला मात्र होता.

रस्त्यावरची अनोळखी गाडी आठवते? तिथे वाहन ओळखता आलं नाही म्हणून कायदा दोन लाख देतो. रुळांवर मात्र ‘अनोळखी गाडी’ असं लिहिलं की दाव्याचा पायाच डळमळीत होतो. आणि रुळांवरची गाडी अनोळखी कशी असेल? तिला नंबर असतो, वेळापत्रक असतं, मोटरमन असतो, गार्ड असतो. अमुक वाजून तमुक मिनिटांनी कोणती लोकल विठ्ठलवाडीवरून गेली, हे आज आपल्या फोनमधलं अ‍ॅपही सांगतं.

म्हणून इंग्रजी शब्द मराठीत येतात याचं मला वाईट वाटत नाही. टॅप, स्वाइप, बफर, पंच, किक येऊ देत, निरुपद्रवी होऊन राहू देत. माझं लक्ष त्यांच्या मागे लागणाऱ्या क्रियापदावर असतं. रोजच्या गर्दीत ‘लागला’ म्हणण्यात मोठेपणा आहे, तो मी सोडणार नाही. पण पंचनाम्यावर, मेमोवर, कारखान्याच्या अपघात-रजिस्टरवर कुणी तुम्हाला सही करायला सांगितलं, तर आधी कागद वाचा. त्यातलं क्रियापद शोधा आणि त्याचा कर्ता कोण ते बघा. तुम्ही पाहिलं नसेल, तर ‘धडक बसली’ असंही लिहू देऊ नका आणि ‘गाडीखाली आला’ असंही नाही. ‘रुळांवर सापडला’ एवढंच लिहायला लावा. ते खरं असतं, आणि पुढच्या माणसाला खरं काय घडलं ते शोधायला जागा ठेवतं.